समुद्र न पाहिलेल्या पोरीला आर्क्टिकचा तळ अभ्यासायचाय

पत्र: नमस्कार ताई, मी भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका गावातली. बीएस्सी झूलॉजी, सेकंड इयर. मोबाईलवर आर्क्टिक समुद्राच्या तळाचा एक व्हिडिओ पाहिला, काळ्याभोर थंड पाण्यात खाली नुसते तारेच तारे अन् फुलांसारखे जीव, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मला हेच शिकायचंय. पण मी अजून समुद्रच पाहिला नाही, पोहता येत नाही, इंग्रजी कच्चं आहे. बाबांची तीन एकर धानाची शेती. ते म्हणतात, समुद्राचं शिकून कायले करतं, बीएड कर, कुठंतरी लागशीन. मामा तर हसतेच, म्हणते आर्क्टिकले जाऊन मासोळ्या पकडतं का? मी वेडी आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करू?
– धानाच्या बांधीवरून

बांधीवरच्या पोरी,

वेडी नाहीस, आणि मामांचं मनाला लावून घेऊ नको, मामा लोकांचं कामच असतं ते. फक्त त्यांना एवढं सांग की मासोळ्या नाही मामा, चिखल. कारण तू जे म्हणून राहिली आहेस ना, की आर्क्टिकच्या तळाचे जीव शिकायचे, त्याचं रोजचं काम म्हणजे चिखलच आहे बाप्पा.

काम कसं चालतं ते आधी ऐक अन् मग ठरव. बोटीवरून तारेला बांधलेला एक लोखंडी जबडा खाली सोडतात, व्हॅन व्हीन ग्रॅब म्हणतात त्याला, तो तळाला टेकला की त्याची कडी सुटते आणि वर ओढताना तो मिटतो, एका घासात साधारण ०.१ चौरस मीटर जागेतला गाळ वर येतो. तो टबात ओतायचा, समुद्राचंच पाणी मारत अर्धा नाहीतर एक मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळायचा, आणि ते पाणी शून्याच्या आसपास असतं (खारं असल्यामुळे समुद्राचं पाणी उणे १.८ अंशापर्यंत गोठतच नाही), म्हणजे बोटं बधिर आणि नाक गळतंय अशा अवस्थेत हे सगळं. चाळणीत उरेल ते बाटलीत, वर फॉर्मालिन (जीव कुजू देत नाही, पण विषारी), त्यात रोझ बेंगाल नावाचा रंग, म्हणजे जीव गुलाबी होतात आणि मातीतून वेचायला सोपे जातात. बाटलीवर लेबल, बाटलीच्या आतही लेबल, तेही पेन्सिलनं लिहिलेलं, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये उडते. हे झालं थोड्या दिवसांचं. मग परत येऊन त्या बाटल्या घेऊन मायक्रोस्कोपसमोर बसायचं ते महिनोन्‌महिने. किडा उचल, त्याचे केस बघ, जबडा बघ, नाव शोध, मोज, वहीत लिही, पुढचा उचल. मी स्वतः किनाऱ्यावरच्या लॅबमध्ये हेच करत लय वर्षं काढलीत, आर्क्टिकचा नाही, आपल्या कोकणातल्या खाड्यांचा गाळ, पण काम तेच.

व्हिडिओत हा भाग दाखवत नाहीत. म्हणून आधी हेच विचारते की हे वाचून तुला कंटाळा आला का? आला असेल तरी काही बिघडलं नाही, मग तुला समुद्र बघायला आवडतो एवढंच, त्यासाठी आयुष्य लावायची गरज नाही, तिकीट काढायचं आणि जाऊन यायचं. पण "केस मोजायचे म्हणजे कसे?" असं काही मनात आलं असेल, तर पुढचं वाच.

त्या चिखलात एवढं आहे काय ते सांगते. आर्क्टिकमध्ये हिवाळ्यात कितीतरी आठवडे सूर्य उगवतच नाही आणि खोल तळाशी तर उन्हाळ्यातही अंधारच. तिथं झाड नाही, गवत नाही, खायला जे काही ते वरून पडेल तेच. वसंतात उजेड आला की समुद्रावरच्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ धरतं, मागोमाग पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ वाढतं, आणि वरच्या जिवांनी खाऊन उरलेलं सगळं खाली येतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलात मोहफूल गळायला लागलं की त्या थोड्या दिवसांवर गाव, गुरं, हरणं, अस्वलं सगळीच टपून असतात ना, तसंच समज, वर्षाचा एक बहर आणि त्यावरच पुढची बेगमी. खाली टपलेले कोण, तर ब्रिटल स्टार म्हणजे बारीक हातांचे तारे, अर्चिन म्हणजे काटेरी गोळे, शिंपले, ॲम्फिपॉड म्हणजे झिंग्यांचे बारके चुलतभाऊ, आणि पॉलिकीट म्हणजे अंगाला केस असलेले समुद्री किडे. तुझ्या व्हिडिओतली फुलं बहुतेक ॲनिमोन असतील, ती फुलं नाहीत, चांगले शिकारी प्राणी आहेत. मग यांच्यावर जगणारे मोठे, वॉलरस शिंपले खातो, आणि बेरिंग समुद्राकडे तर ग्रे व्हेल तळाचा गाळ तोंडात भरून त्यातले ॲम्फिपॉड गाळून खातो, एवढं मोठं धूड आणि जेवण काय तर चिखलातले किडे.

आता तिकडचा बर्फ कमी होतोय, लवकर वितळतोय, म्हणजे बहर कधी येणार आणि त्यातलं खाली किती पोचणार हे सगळंच बदलतंय. मासोळीला पाणी आवडलं नाही तर ती निघून जाते, पण तळातला शिंपला कुठं जाणार? तो आहे तिथंच सगळं सोसतो, म्हणून बदल पाहायचा तर तळाकडे बघतात. काही शिंपल्यांच्या कवचावर दरवर्षी एक रेषा उमटते, आइसलँडजवळ सापडलेल्या एका शिंपल्याच्या रेषा मोजल्या तर तो ५०७ वर्षांचा निघाला. उत्तर ध्रुवाजवळ, कायम बर्फाखाली असलेल्या लँगसेथ रिज नावाच्या बुडालेल्या डोंगररांगेवर पोलरस्टर्न या जर्मन जहाजावरच्या लोकांना स्पंजांची दाट वसाहत सापडली, २०२२ मध्ये त्याचा पेपर आला. ते स्पंज सरासरी ३०० वर्षांचे, आणि वरून जवळजवळ काहीच पडत नाही अशा ठिकाणी ते हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या ट्यूबवर्मचे, म्हणजे नळीत राहणाऱ्या किड्यांचे, अवशेष खाऊन जगतायत, आपल्या अंगातल्या बॅक्टेरियाच्या मदतीनं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा थंड झाला होता माझा.

बरं, सुरुवात कुठून. गावाच्या तलावापासून. तुमच्या पट्ट्यात पावलापावलावर मामा तलाव आहेत (इतर वाचकांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी, भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले जुने तलाव, पत्रातल्या मामांचा संबंध नाही). तलावाचा तळ आणि समुद्राचा तळ यांतले जीव वेगळे, पण चाळणं, वेचणं, ओळखणं, मोजणं ही चार कामं तीच, आणि ती हातात बसायला वेळ लागतो. तो वेळ तुझ्याकडे आत्ता आहे. तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असेल, आधी त्यांना विचार, गुपचूप जाऊ नको, लोक विषाचा संशय घेतात. एकटी उतरू नको, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नको. एकाच मापाचा डबा घे, दर महिन्याला ठरलेल्या त्याच चार-पाच जागांचा गाळ काढ, बारीक चाळणीतून धू, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून पसर आणि बघत बस. लाल बारीक अळ्या दिसतील, कायरोनोमिड म्हणतात त्यांना, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या, त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तगतात. गोगलगायी, शिंपले, चतुराच्या अळ्या, गांडुळाच्या जातीतले बारीक किडे. मोजून परत सोड. फॉर्मालिन घरी आणायचं नाही म्हणजे नाही, ठेवायचाच असेल एखादा नमुना तर कॉलेजच्या सरांकडून स्पिरिट माग आणि कॉलेजमध्येच ठेव. जिथं बेशरम ही वनस्पती माजलीय तिथला गाळ आणि जिथून काढून टाकली तिथला गाळ यांत फरक दिसतो का बघ. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर कोण उरतं ते बघ.

आणि हो, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरी जा. जुनी ढिवर माणसं पायानं सांगतात तळ कुठं मऊ अन् कुठं रेताड, कोणत्या मासोळीला काय खायला लागतं, तुझ्या पुस्तकात नसेल तेवढं. त्यांनी सांगितलेलं वहीत तारखेसह लिही, नावं त्यांच्याच बोलीतली ठेव. एक वर्ष अशी वही भरली तर कोणत्याही प्रोफेसरसमोर तू "मला आवड आहे" म्हणणारी राहत नाहीस, तुझ्याकडे डेटा असतो.

समुद्र लांब म्हणतेस, पण तुमच्या चुलबंद नदीचं पाणी वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. भंडाऱ्याहून सरळ रेषेत मुंबईपेक्षा विशाखापट्टणम जवळ आहे, नकाशा काढून बघ. सुट्टीत एकदा जाऊनच ये, कोणत्याही खडकाळ किनाऱ्यावर, पण ओहोटीच्या वेळा बघून जा, भरतीला गेलीस तर नुसत्या लाटा बघून परत येशील. मुंबईत ओहोटीला किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या फेऱ्या निघतात, त्यातल्या एकीला गेलीस तर उत्तम. आणि तेव्हाच कोळ्यांच्या बोटीतून तासभर आत जाऊन ये, बोट लागते का ते कळू दे. हसू नको, भलेभले हुशार लोक बोटीवर आडवे होतात. गोळी असते, सवयही होते, पण आधी माहीत असलेलं बरं.

आता शिक्षण. माझं मत थोडं वेगळं आहे, एमएस्सीच्या नावात "आर्क्टिक" किंवा "पोलर" शोधत बसू नको, गाळावर काम करणारे मास्तर कुठं आहेत ते शोध. कोचीची कुसॅट म्हणजे कोचीन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, तिथं मरीन बायोलॉजीची एमएस्सी आहे, स्वतःची प्रवेश परीक्षा असते. तामिळनाडूत अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र, समुद्राच्या अगदी काठावर, जुनं आणि नावाजलेलं. पाँडिचेरी विद्यापीठाचा पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) विभाग आहे, त्याला सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. गोवा विद्यापीठ आहेच. मुंबईच्या सीआयएफई या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेबद्दल तुझ्यासारखी बरीच मुलं विचारतात, पण तिथल्या एमएफएस्सीला साधारणपणे बीएफएस्सी म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी लागते, झूलॉजीची बीएस्सी चालत नाही. (घरात बारावीतला भाऊबहीण असेल तर बीएफएस्सी आपल्या नागपूरला तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं.) थर्ड इयरच्या आधीच्या उन्हाळ्यासाठी बंगलोरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समर फेलोशिपचा फॉर्म भर, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काम आणि वर पैसे. गोव्यात दोना पावलाला एनआयओ म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, तळावर काम करणारे लोक तिथं आहेत.

एमएस्सी करतानाच एक गट पकड. म्हणजे पॉलिकीट तर पॉलिकीट, ॲम्फिपॉड तर ॲम्फिपॉड, आणि त्यात अशी पक्की हो की लोक बाटल्या घेऊन तुझ्याकडे यायला लागले पाहिजेत. जीव नावानिशी ओळखणारी माणसं कमी होऊन राहिली आहेत, सगळ्यांना डीएनए काढायचाय आणि मॉडेल चालवायचंय, तेही शिकच, पण मोहिमेत जागा मोजक्या असतात तेव्हा "हिला किडे ओळखता येतात" हे फार मोठं सर्टिफिकेट आहे. त्या नावांची इंग्रजीशी काही भानगडच नाही, ती लॅटिन, सगळ्यांनाच परकी. वर्म्स नावाचा समुद्री जिवांच्या नावांचा डेटाबेस नेटवर फुकट आहे, ओबिसवर कुठं कोण सापडलं त्याच्या नोंदी फुकट आहेत. इंग्रजीसाठी आठवड्याला एका पेपरचा फक्त सारांश वाच, अडेल तो शब्द मोबाईलमध्ये बघ, आणि आपल्या तलावाच्या वहीतलं एक पान इंग्रजीत लिही. बोलणं नंतर येतं, लिहिणं आधी लागतं.

मग आर्क्टिक. आपल्या देशाचं तिथं केंद्र आहे, हिमाद्री, १ जुलै २००८ ला सुरू झालं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंड म्हणून गाव आहे तिथं, जवळजवळ ७९ अंश उत्तर. पूर्वी कोळशाच्या खाणीचं गाव होतं, आता सगळं गावच संशोधकांचं. समोर कोंग्सफियॉर्ड (फियॉर्ड म्हणजे डोंगरांमध्ये आत घुसलेली समुद्राची खोल, चिंचोळी खाडी), त्यात २०१४ मध्ये आपण इंडआर्क नावाची समुद्राच्या पाण्याची मोजमापं घेणारी यंत्रणा १९२ मीटर खोलीवर बसवली. त्या फियॉर्डमध्ये हिमनद्या येऊन मिळतात, वितळताना इतका गाळ आणतात की हिमनदीच्या तोंडाजवळचे तळाचे जीव त्याखाली दबतात, आणि बाहेरून अटलांटिकचं कोमट पाणी आत शिरतं, म्हणजे एकाच फियॉर्डमध्ये दोन टोकांना दोन दुनिया, तळवाल्यांसाठी चैनच. हे सगळं बघणारी संस्था म्हणजे वास्को-गोव्याची एनसीपीओआर, आपली ध्रुवीय संशोधनाची सरकारी संस्था, ती संशोधनाचे प्रस्ताव मागवते, विद्यापीठातले लोकही पाठवतात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही आपली माणसं जायला लागलीत. म्हणजे रस्ता असा, एमएस्सी, मग नेट-जेआरएफ (नेट ही पात्रता परीक्षा, तीत वर आलं की मिळते ती संशोधनाची फेलोशिप म्हणजे जेआरएफ), मग अशा गाइडकडे पीएचडी ज्यांचा तिकडे प्रोजेक्ट आहे. दुसरा रस्ता बाहेरचा. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते, जाहिरात निघते आणि अर्ज करायचा. जर्मनीत ब्रेमरहाफनची एडब्ल्यूआय ही ध्रुवीय संशोधन संस्था आहे, त्यांनी ग्रीनलँड आणि स्वालबार्डमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीच्या खोल तळावर १९९९ पासून सलग लक्ष ठेवलंय. आणि पोलंडमधलं सोपोट विसरू नको, तिथली समुद्रविज्ञान संस्था स्वालबार्डच्या तळावर वर्षानुवर्षं काम करून राहिली आहे, आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात पोलंड येतच नाही.

बाबांशी भांडू नको. तीन एकर धानात त्यांनी तुला बीएस्सीपर्यंत आणलंय, त्यांची भीती पैशाची आणि वयाची आहे, समुद्राची नाही. त्यांना आकडे दे. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, म्हणजे शिकताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. जेआरएफ नाही मिळाली तरी प्रवर्गाप्रमाणे महाज्योती, बार्टी, सारथी यांच्या पीएचडीच्या फेलोशिप आहेत, महाज्योतीचं ऑफिस तर नागपूरलाच. आणि नेट पास झालीस की कॉलेजात शिकवायची पात्रता मिळते, हे बाबांना आधी सांग, कारण त्यांना बीएडमध्ये जे हवंय ते हेच आहे. बीएड कुठं पळून जात नाही, नंतरही करता येतं. पण हेही लपवू नको की एमएस्सी-पीएचडी मिळून सात-आठ वर्षं जातात, कायम नोकऱ्या कमी आहेत, आणि या क्षेत्रातली खूप माणसं आर्क्टिक न बघताच चांगलं काम करतात, मीही त्यातलीच. तुला फक्त आर्क्टिकच हवं असेल आणि मधली खाडी, बंदराचा गाळ, केरळचा किनारा हे सगळं ओझं वाटणार असेल, तर बाबांचं ऐक. लग्नाचा विषय निघेलच, त्यावर माझं म्हणणं एवढंच की एमएस्सी होईपर्यंत घरात एक माणूस आपल्या बाजूचं करून ठेव, आई, काकू, मोठी बहीण, कुणीही. मामा आत्ता हसतात पण पटले की तेच गावभर सांगतील.

राहिलं पोहणं आणि थंडी. तळाचा गाळ बोटीवरून काढतात, त्यासाठी पाण्यात उतरावं लागत नाही, अंगात तरंगणारा जाड सूट असतो. डायव्हिंग करणारे वेगळे, त्यांचं प्रशिक्षण वेगळं. तरी पोहायला शीक, होस्टेलच्या शहरात कुठंतरी टँक असतोच. थंडीचं म्हणशील तर जुलैत नी-ऑलेसुंडला पाच-सहा अंश असतं, डिसेंबरातली आपली एखादी पहाट आठव, त्याहून थोडी जास्त थंडी. त्रास होतो तो उजेडाचा, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, झोपेचं पार वाटोळं होतं. गावाबाहेर जायचं तर पांढऱ्या अस्वलांमुळे बंदूक सोबत लागते, ते कळलं की आई दोन दिवस जेवणार नाही, तर तिला ते शेवटी सांग. आणि तिथं मोबाईल फ्लाइट मोडवर, वायफाय बंद, कारण जवळच्या वेधशाळेच्या अँटेनांना अडथळा होतो, नेट फक्त वायरचं. व्हॉट्सॲप कॉलची वाट पाहू नका म्हणून घरी आधीच सांगून ठेवावं लागतं.

एक काम मात्र याच महिन्यात कर. पासपोर्ट. स्वालबार्डला १९२० च्या करारामुळे वेगळा व्हिसा लागत नाही पण नॉर्वेतून जावं लागतं म्हणून शेंगेन व्हिसा लागतोच, आणि त्या सगळ्याच्या आधी कागद. दहावीची मार्कशीट, टीसी, आधार या तिन्हींवर तुझं आणि बाबांचं नाव एकसारखं आहे का बघ, आपल्याकडे एका कागदावर नावापुढे "राव" असतो, दुसऱ्यावर गायब असतो, आईचं नाव तर तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा धानाची कापणी सुरू व्हायच्या आत साकोलीच्या चकरा मारून घे, नंतर बाबांना सोबत यायला सवड होणार नाही.